तावडेबाईंना बोलायचं होतं

आमच्या रविवारच्या मीटिंगला नवा माणूस आला की तावडेबाई त्याला दाराजवळची खुर्ची देत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही तिथेच बसवलं होतं. वारा लागावा म्हणून असेल, असं मी धरून चाललो. पुढे कधीतरी त्यांनीच सांगितलं, "ज्याला पळून जावंसं वाटतंय ना, त्याला दार जवळ दिसलं की तो बसतो रे. आत कोपऱ्यात बसवला की चहाच्या आधी गायब."

ज्यांच्या घरात मनाच्या आजाराचं माणूस आहे अशा लोकांची ही मीटिंग. अंधेरी पूर्वेला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही जमायचो. कुणाचा मुलगा, कुणाची बायको, माझी धाकटी बहीण मेधा. आजार बहुतेकांकडे एकच होता. कानात आवाज येतात, शेजारी कट करतायत असं वाटतं, औषधं घेतली की माणूस दिवसभर झोपतो आणि थांबवली की घर झोपत नाही. सुरुवातीला एका डॉक्टरांनी चार कुटुंबं एकत्र आणली होती. मग डॉक्टर परदेशी गेले आणि मीटिंग तावडेबाईंकडे आली, ती त्यांच्याकडेच राहिली.

बाई ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, केस घट्ट मागे ओढून बांधलेले. निवृत्त होईपर्यंत साकीनाक्याच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. डाव्या कानाची वरची कड जरा चपटी झाली होती, ती हेडफोनने, असं त्या सांगायच्या. आवाज मात्र सुंदर होता. डोळे मिटून ऐकलं तर विशीतली मुलगी बोलतेय असं वाटावं. मीटिंगही त्या बोर्डावर बसल्यासारखी चालवत. दोघं एकदम बोलायला लागले की हात वर करून म्हणायच्या, "दळवीबाईंची लाइन चालू आहे. तुम्ही होल्ड करा." लोक हसायचे आणि खरंच थांबायचे.

वरून विमान गेलं की त्या बोलणाऱ्याला खुणेने थांबवत. सांताक्रूझला उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरूनच जायची. आवाज विरला की "हां, बोला, रात्री तो दार उघडून गेला, मग?" असं शेवटचं वाक्य त्याच्या हातात परत देत. रडता रडता मधेच थांबलेल्या माणसालाही त्यामुळे पुन्हा सुरुवात शोधावी लागत नसे.

नाईकसाहेब नावाचे एक गृहस्थ होते, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मुलगा घरातच. ते एकदा जीवनसत्त्वांवर बोलायला लागले की कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. त्यांना कुणी थांबवलं की अपमान वाटायचा. तावडेबाई अशा वेळी उठायच्या, त्यांच्या शेजारची खिडकी लावायच्या, मग परत थोडी उघडायच्या आणि विचारायच्या, "उकडत तर नाही ना साहेब?" साहेब "नाही नाही" म्हणेपर्यंत त्यांचं सूत्र सुटलेलं असायचं आणि बाईंनी पुढच्या माणसाला हाक मारलेली असायची. हे सगळ्यांना कळायचं. बहुधा नाईकांनाही कळत असावं, कारण ते हळूहळू खिडकीशेजारीच बसायला लागले.

मधल्या दिवसांत बाई फोन करायच्या. "कसं चाललंय?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायच्या, "आज भाजी कुठली?" या प्रश्नाला खोटं उत्तर देणं अवघड असतं. मेधाचं फार बिनसलं होतं तेव्हा मी म्हटलं, "बाहेरूनच मागवतोय." त्यांनी विचारलं, "कधीपासून?" मी काहीतरी पुटपुटलो. त्याच संध्याकाळी बाई गोरेगावला आमच्या घरी आल्या, पिशवीत मटारच्या शेंगा घेऊन. मेधा तेव्हा खोलीत कुणालाही येऊ देत नव्हती. बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. उंबऱ्यापाशी जमिनीवर बसल्या, पेपर पसरला आणि शेंगा सोलायला लागल्या. बराच वेळ नुसता टिकटिक आवाज येत राहिला. मग मेधा कॉटवरून उतरून समोर येऊन बसली आणि तिनेही एक शेंग उचलली. बाई एवढंच म्हणाल्या, "किडका दाणा बाजूला टाक गो." त्या रात्री आमच्याकडे मटारची उसळ झाली आणि मेधा जेवली.

हे सगळं मी का सांगतोय, तर आम्हाला वाटायचं की ही बाई कधी दमत नाही.

त्यांच्या स्वतःच्या मुलाचं नाव प्रमोद आहे, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. जोगेश्वरीला गुंफेच्या रस्त्यावर घर, नवरा नाही, प्रमोद आणि त्या. बस. मीटिंगमध्ये एक प्रश्न मात्र त्या कधी येऊ देत नसत. कुणी "आम्ही गेल्यावर याचं कसं होणार?" म्हणून सुरू केलं की त्यांचा हात वर जायचा. "तो विषय आज नको." आज नको म्हणता म्हणता तो कधीच झाला नाही.

मग रोझीबाईंचा प्रसंग घडला. रोझीबाई मरोळ गावठाणातल्या, चर्चच्या मागच्या गल्लीत जुनं घर. मुलगी एकुलती एक. त्या तीन-चार वेळा आल्या, दाराजवळ बसून ऐकून गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच बोलल्या. म्हणाल्या, "मी तिला खोलीत कोंडून कामाला जाते. काय करू? मागच्या आठवड्यात ती फार ओरडली, तर मी तिला मारलं. चपलेने मारलं."

दळवीबाई एकदम उसळल्या. "चपलेने? आजारी पोरीला? तुम्हाला काही वाटत नाही?" नाईकसाहेबांनी कायद्याचं काहीतरी सुरू केलं. तिसरं कुणी म्हणालं, असं कोंडणं गुन्हा आहे. तिघं-चौघं एकाच वेळी बोलत होते आणि आम्ही सगळे तावडेबाईंकडे बघत होतो, की आता हात वर जाईल.

गेला नाही. बाई रोझीबाईंकडे पाहत होत्या, पण खूप लांबून पाहावं तशा. रोझीबाई उठल्या, ओढणी सावरली आणि गेल्या. दार जवळच होतं.

दुसऱ्या दिवशी बाई मरोळला गेल्या. मी सोबत होतो. रोझीबाईंनी आत बोलावलं, चहा केला, बिस्किटं ठेवली. आतल्या खोलीतून मुलीच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. निघताना रोझीबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आलात, बरं वाटलं. पण मी तिकडे येणार नाही. जे चर्चमध्ये फादरला सांगितलं नव्हतं, ते तिकडे सांगितलं होतं मी."

बाहेर रिक्षाची वाट बघताना बाई म्हणाल्या, "ती बोलत होती ना सुहास, तेव्हा मला काही ऐकूच येईना. मी माझ्याच घरात होते." मी विचारलं, म्हणजे काय. त्या म्हणाल्या, "काय नाय रे. चल, ही थांबतेय बघ."

पुढच्या मीटिंगला त्यांनी विषय काढला. मीटिंग चालवायला बाहेरचं कुणीतरी आणायचं. हे काम शिकलेली माणसं असतात, गटात बसून सगळ्यांना बोलतं करणारी, भांडण सावरणारी. मुलुंडला एक केतकी नावाची मुलगी आहे, दुसऱ्या एका गटात असंच करते, तिच्याशी बोलणं झालंय. महिन्यातून एकदा यायला तयार आहे.

आधी कुणाला कळलंच नाही. दळवीबाईंना वाटलं, बाई रोझीबाईंच्या प्रकाराने रागावल्या. त्या म्हणाल्या, "माझं चुकलं हो बाई. माझाच ताबा सुटला. त्यासाठी परकं माणूस कशाला?"

"रागावले नाहीये मी. मला आता जमत नाही."

"जमत नाही काय! तुमच्यासारखं कुणाला जमणार?"

नाईकसाहेबांनी घसा खाकरला. एरवी ते लांबण लावत, पण त्या दिवशी थोडक्यात बोलले. "माझ्या बिल्डिंगमध्ये लोकांना वाटतं, माझा मुलगा दुबईला असतो. पंधरा-वीस वर्षं मी हेच सांगतोय. इथे मी खरं बोलतो, कारण इथे सगळे बुडालेले आहेत. काठावरून बघणारं माणूस आलं की मी नाही बोलू शकणार. सॉरी."

एक तरुण बाई होती, नवरा आजारी असलेली, ती म्हणाली, "पण बाहेरचं माणूस कुणाची बाजू तरी घेणार नाही. मला तर बरं वाटेल." झालं, दोन तट पडले. चर्चा त्या महिन्यात संपली नाही, पुढच्याही नाही. व्हॉट्सअॅपवर लांबलचक मेसेज येत राहिले. ज्या मीटिंगमध्ये पोरांबद्दल बोलायचं तिथे आम्ही मीटिंगबद्दलच बोलत होतो. बाई सगळ्यांना बोलू देत होत्या, थांबवत होत्या, पुढच्याला हाक मारत होत्या. स्वतःच्याच मागणीवरची भांडणंही त्याच चालवत होत्या.

शेवटी दळवीबाईंनी विचारलं, "पण खरं सांगा ना बाई, कारण काय?"

बाईंनी मांडीवरची पर्स उचलून खाली ठेवली. "कारण मला बोलायचंय."

"मग बोला की! तुम्हाला कोण अडवतंय?"

"अडवत कुणी नाही. पण मी बोलायला लागले तर तुम्हाला कोण बघेल? आमच्या बोर्डावर असंच होतं. दोन माणसं जोडून द्यायची आणि आपण मधून निघायचं. इतकी वर्षं मी मधून निघतेच आहे. माझ्या घरात काय चाललंय, ते मला एकदा बसून सांगायचंय. तेवढा वेळ दुसऱ्या कुणीतरी मीटिंग सांभाळावी."

असं म्हटल्यावर निदान एकदा त्या मुलीला बोलावून बघायला सगळे तयार झाले. नाईकसाहेबही.

केतकी आली. तिशीची असेल, साधा कुडता, पायात कोल्हापुरी. पहिल्यांदा तिने खुर्च्या गोल लावल्या आणि सांगितलं की इथलं बाहेर जाणार नाही, एक बोलत असताना बाकीच्यांनी फक्त ऐकायचं, सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. मुलगी चांगली होती. दोघं-तिघं बोलले, नीट बोलले. मला वाटलं, जमतंय. मग तिने हळूच विचारलं, "तावडेबाई, तुम्हाला बोलायचंय का?"

बाईंनी पदर आवळून घेतला. इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी प्रथमच पाहिलं.

"माझा प्रमोद," त्या म्हणाल्या, "अडतीस वर्षांचा आहे. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. आता आंघोळ मी घालते. गेल्या दिवाळीपासून तो मला आई म्हणत नाही. त्याला वाटतं, त्याची आई मेली आणि मी तिच्या जागी आलेली कुणीतरी बाई आहे. मी दिलेलं जेवण तो आधी मला खायला लावतो. विष आहे का बघायला. मी खाते. मग तो खातो."

विमान गेलं. केतकी थांबली, बाईही थांबल्या. आवाज विरल्यावर केतकी म्हणाली, "तुम्ही खाता, मग तो खातो."

"हो. रोज." मग बाईंचा आवाज उतरला आणि त्या घरच्या बोलीत गेल्या. "मी आता म्हातारी झालंय. माका बाकी काय नको. माका वाटता, माझ्या आधी तो जावंदे. मी असताना जावंदे. रोज देवाकडे ह्याच मागतंय. आणि मागल्यावर त्याच्यासाठी भात लावतंय."

दळवीबाईंच्या तोंडातून हुंदका फुटला. "नका हो बाई, असं नका बोलू तुम्ही! तुम्हीच असं म्हटलंत तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

"त्यांना पूर्ण करू द्या," केतकी म्हणाली.

पण आता दळवीबाई मोठ्याने रडत होत्या. नाईकसाहेब उभे राहिले होते. "बस. पुरे करा हे," ते केतकीला म्हणाले. "काय काढून घेताय तुम्ही त्यांच्याकडून? बघा काय अवस्था केलीत!" केतकी त्यांना समजावत होती, नीट, न रागावता. पण मला दिसत होतं, बाईंचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. त्या दळवीबाईंकडे बघत होत्या. मग त्या उठल्या, कोपऱ्यातल्या जगमधून पाणी ओतलं, दळवीबाईंच्या हातात ग्लास दिला आणि पाठीवरून हात फिरवत नेहमीच्या त्या तरुण आवाजात म्हणाल्या, "शांत व्हा. काही नाही. मी उगाच आपलं बोलले. नाईकसाहेब, बसा तुम्ही."

साहेब बसले. सगळेच जागेवर बसले. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज एवढंच."

पुढच्या महिन्यात हात वर करून ठरवलं. केतकीला बोलवावं म्हणून आम्ही चौघं होतो. बाकी सगळे विरुद्ध. त्यांचं म्हणणं, त्या मुलीने बाईंना नको ते बोलायला लावलं. हे सगळं ते बाईंच्या काळजीपोटीच बोलत होते आणि ते खोटंही नव्हतं. ज्या बाईने आपल्याला इतकी वर्षं उभं ठेवलं तिला कुणी मोडताना बघू नये, एवढंच त्यांना वाटत होतं. बाईंनी स्वतः हात वर केलाच नाही, ना इकडे ना तिकडे. त्यांनी हात मोजले आणि म्हणाल्या, "ठीक आहे. ठरलं."

वाचनालयाच्या जिन्यात मी त्यांना गाठलं. "बाई, बाकीच्यांचं सोडा. तुम्ही मला सांगा ना. मी येतो घरी."

"एकट्या माणसाला सांगून नाय रे होत," त्या कठडा धरून उतरत म्हणाल्या. "एकट्याला सांगितलं की तो आपली काळजी करायला लागतो. मग त्याला सांभाळा."

त्यानंतर वर्षभर मीटिंग झाली. बाई हात वर करत, खिडकी लावत, पण लोक आता जपून बोलायला लागले होते. कुणी वाईट काही सांगायला लागलं की आधी बाईंकडे बघायचं आणि विषय औषधांवर न्यायचं. नवी माणसं एकदा येऊन परत येईनात. केतकीसाठी हात वर करणारी ती तरुण बाई यायची थांबली. नंतर वाचनालयाच्या इमारतीचं काम निघालं, हॉल गेला, दुसरी जागा बघू बघू म्हणत राहिले आणि कुणी बघितली नाही. ग्रुपवर आता सणाच्या शुभेच्छा येतात.

बाई बाथरूममध्ये पडल्याचं मला दळवीबाईंकडून कळलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण पूर्वीसारखं चालणं होणार नव्हतं. प्रमोदला कोण सांभाळणार? त्या हॉस्पिटलात असतानाच सावंतवाडीहून पुतण्या आला आणि त्याने पनवेलच्या पुढे एका संस्थेत प्रमोदची सोय केली. पुतण्या भला माणूस होता. बाईंनाही तो आता गावाला घेऊन निघाला होता.

निघायच्या दिवशी सकाळी मी जोगेश्वरीला गेलो. घरातलं बरंचसं सामान बांधलं होतं. बाई वॉकर समोर ठेवून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, अंगाने अर्ध्या झालेल्या. गॅलरीत दोरीवर पुरुषाचे चार-पाच शर्ट वाळत होते.

"त्याचे आहेत," त्या म्हणाल्या. "घाईत दोन कपड्यांवर नेला त्याला. वाटेत गेटवर द्यायचेत. पहिला महिना भेटू देत नाहीत."

"कुणी धुतले?"

"मी. बसून धुतले. मळके कसे द्यायचे?"

मी शेजारी बसलो. म्हटलं, "बाई, तेव्हाचं राहिलं तुमचं. आता सांगा. मी नुसतं ऐकेन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, कंटाळ्यानेही नाही. "आता सांगण्यासारखं काय राहिलंय रे? तो गेला ना." मग हनुवटीने गॅलरीकडे खूण केली. "कॉलर बघ जरा वाळली का. ओली घडी घातली की वास मारतो."

खाली पुतण्याने हॉर्न वाजवला. मी उठून गॅलरीत गेलो. ऊन कडक होतं. निळ्या चौकटीच्या शर्टाची कॉलर हातात धरली, ती खडखडीत वाळली होती. बाकीचेही वाळले होते. आत वळून पाहिलं तर बाई दोन्ही हात वॉकरवर ठेवून माझ्याकडे बघत होत्या. उठायचं की नाही, ते माझ्या सांगण्यावर होतं.

"ओली आहे अजून," मी म्हटलं.

"मग बसूया थोडं," बाई म्हणाल्या आणि वॉकरवरचे हात काढून घेतले.